वार्धक्यातील कंप : मुंबईच्या वैद्यकीय इतिहासातील काही नोंदी

प्रस्तावना

मराठीत कंपासाठी शब्दांची वाण नाही. थरथर, कापरे, लटलट, हुडहुडी, थरकाप असे कितीतरी शब्द आपण सहज वापरतो. त्यांपैकी बहुतेकांचे नाते भीती, थंडी, संताप किंवा ताप यांच्याशी आहे. वृद्ध माणसाच्या हाताला मात्र ही कारणे कोणी शोधत नाही. त्याचे हात थरथरतात असे म्हटले की 'वय झाले' हे उत्तर प्रश्नाच्या आधीच तयार असते. भाषेने वार्धक्य आणि व्याधी यांच्यामध्ये रेघ ओढलेली नाही, आणि जिथे भाषा रेघ ओढत नाही तिथे नोंदही होत नाही. वृद्धांच्या देहाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाची पहिली अडचण हीच आहे.

या निबंधात वार्धक्यातील हालचालींच्या विकारांचा, विशेषतः पार्किन्सनच्या विकाराचा, मुंबई आणि तिच्या परिसराच्या संदर्भात ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे. हा विकार म्हणजे निव्वळ कंप नव्हे. मेंदूच्या तळाकडील एका काळसर पेशीसमूहाचा हळूहळू ऱ्हास होतो, तेथे तयार होणारे डोपामिन हे द्रव्य घटते, आणि त्यामुळे हालचाल मंदावते, स्नायू ताठरतात, चेहऱ्यावरचे भाव मावळतात, पावले आखूड पडतात, अक्षर बारीक होत जाते. हात मांडीवर स्वस्थ असताना होणारा कंप ही त्याची परिचित खूण आहे. तथापि काही रुग्णांत कंप नसतोही. याउलट चहाचा कप उचलताना किंवा सही करताना ज्यांचा हात कापतो, अशा अनेक वृद्धांना निराळाच, बहुधा आनुवंशिक स्वरूपाचा कंप असतो. या दोहोंचे उपचार वेगळे आहेत. 'वय झाले' या उत्तरात हा भेद बुडून जातो, म्हणून त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

या अभ्यासासाठी स्थळ म्हणून डोळ्यांसमोर आहे ते मीरा रोड पूर्वेतील सिल्व्हर पार्क आणि त्याच्यासारख्या वसाहती. मिठागरे आणि शेतजमिनी यांच्या या पट्ट्यात १९८५ मध्ये नगरपरिषद आली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत ५,२०,३८८ असलेली मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ मध्ये ८,०९,३७८ झाली. मुंबईतील जागा परवडेनाशी झालेली मध्यमवर्गीय कुटुंबे येथे आली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत ज्यांनी चाळिशीत येथे घर घेतले, ते आज सत्तरीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. तरुणांचे उपनगर म्हणून वाढलेली ही वस्ती आता त्याच माणसांसह म्हातारी होत आहे. २०११ मध्ये महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण ९.९ टक्के होते, तर देशात ते ८.६ टक्के होते. पार्किन्सनचा विकार वयाबरोबर वाढत जातो, हे ध्यानात घेतल्यास या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

ग्रंथांतील कंप

'कंपवात' ही संज्ञा आज पार्किन्सनचा पर्याय म्हणून सर्रास वापरली जाते. वृत्तपत्रांतील आरोग्यविषयक लेखांत, औषधांच्या वेष्टनांवर, इतकेच नव्हे तर विद्यापीठीय चर्चासत्रांतही 'आपल्या पूर्वजांना पार्किन्सन ज्ञात होता' असे विधान केले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने या विधानापाशी थोडे थांबले पाहिजे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील विसाव्या अध्यायात वातजन्य ऐंशी विकारांची यादी आहे, तिच्यात 'वेपथु' येतो. माधवनिदानाच्या वातव्याधिप्रकरणात सर्वांगाच्या आणि मस्तकाच्या कंपाला हीच संज्ञा दिली आहे. 'कंपवात' हे नाव घेऊन केलेले वर्णन बसवराजीयम् या आंध्रातील परंपरेत प्रतिष्ठा पावलेल्या उत्तरकालीन ग्रंथात आढळते. हातापायांचा कंप, भ्रमण, निद्राभंग आणि मतीची क्षीणता ही त्याची लक्षणे तेथे दिली आहेत. आधुनिक वैद्यकालाही पार्किन्सनच्या रुग्णातील निद्राभंग आणि पुढच्या काळातील बुद्धिमांद्य ही लक्षणे मान्य आहेत, त्यामुळे साम्य पाहून अभ्यासकाला मोह होणे स्वाभाविक आहे. गंमत अशी की लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये आपल्या प्रसिद्ध निबंधात सहा रुग्णांचे वर्णन करताना बुद्धी अबाधित राहते असे म्हटले होते. या एका मुद्द्यावर उत्तरकालीन संशोधन पार्किन्सनपेक्षा बसवराजीयमच्या जवळ जाते.

पण एवढ्यावरून दोन्ही एकच ठरत नाहीत. विश्रांतीत वाढणारा आणि हालचालीत कमी होणारा कंप, हालचालींचा मंदपणा, पुढे झुकलेली चाल ही पार्किन्सनने टिपलेली लक्षणे बसवराजीयमच्या त्या वर्णनात नाहीत. 'वेपथु'च्या छत्राखाली आजच्या भाषेत किमान चार-पाच विकार बसू शकतील. शिवाय ग्रंथकाराचा हेतू वाताच्या कोपाचे प्रकार मांडण्याचा होता. मेंदूतील एका विशिष्ट ऱ्हासाचे निदान करण्याचा नव्हता. जुन्या वर्णनावर नवे निदान चिकटवणे सोपे असते, त्यातून इतिहास मात्र हाती लागत नाही. पूर्वजांना सर्व ठाऊक होते असे म्हणणारा आणि म्हातारपणी हे चालायचेच असे म्हणणारा, दोघेही समोरच्या रुग्णाकडे पाहण्याचे टाळतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वैद्यकाबाहेरच्या मराठी वाङ्मयात जरेचे वर्णन विपुल आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात वार्धक्याने देहाची होणारी दुरवस्था विस्ताराने येते. तिचे प्रयोजन वैराग्य हे आहे. उपचार हे नाही. म्हातारपणाकडे पाहण्याची जी दृष्टी आपल्या समाजात रुजली, तिच्यात या दुसऱ्या परंपरेचा वाटा वैद्यकग्रंथांपेक्षा मोठा असावा.

दोन वनस्पती आणि एक रसायन

या विकाराच्या आधुनिक इतिहासात दोन भारतीय वनस्पतींचे स्थान असे आहे की त्यांची कथा स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे. एकीने कंप उत्पन्न केला, दुसरीने तो शमवला. आणि दोघींच्याही कथेत मुंबई आहे.

पहिली सर्पगंधा. उन्माद आणि निद्रानाश यांवर तिचा वापर परंपरेने होत आला होता. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. परंतु पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वेधले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित असलेल्या या हृदयरोगतज्ज्ञाचा सर्पगंधेच्या रक्तदाबावरील परिणामांविषयीचा लेख १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. तीनच वर्षांत, १९५२ मध्ये, स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. रक्तदाबासाठी आणि मनोरुग्णांसाठी त्याचा जगभर वापर सुरू झाला. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला.

या यशाला एक अनपेक्षित बाजू होती. रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांचे हात कापू लागले, अंग ताठरले, चाल मंदावली. हुबेहूब पार्किन्सनचे चित्र, फरक इतकाच की औषध थांबवल्यावर ते ओसरत असे. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रिसर्पिन देऊन निश्चल केलेल्या सशांना डोपा दिला, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूतील डोपामिनचा साठा रिसर्पिन रिकामा करते, आणि डोपा तो भरून काढतो, हे त्यातून पुढे स्पष्ट झाले. १९६० मध्ये व्हिएन्नाच्या एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांनी पार्किन्सनच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची तूट दाखवली. १९६१ मध्ये बिर्कमायर यांच्यासह हॉर्निकिएविचांनी रुग्णांना लेव्होडोपा देऊन पाहिला. १९६७ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज कोत्झियास यांनी मोठ्या मात्रेचा उपयोग सिद्ध केला, आणि १९७० मध्ये तेथे या औषधाला मान्यता मिळाली. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईच्या रुग्णालयातून निघालेला धागा स्टॉकहोमपर्यंत जातो तो असा, जरी त्या धाग्याच्या त्या टोकाचा वकिलांच्या मूळ हेतूशी काही संबंध नव्हता.

दुसरी वनस्पती खाजकुयली. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर वाढलेल्या कोणालाही तिची ओळख करून द्यावी लागत नाही. शेंगेवरील लव अंगाला लागली की काय होते हे लहानपणीच कळते. युरोपीय वैद्यकात ही लव कृमींवरील औषध म्हणून गेली होती. संस्कृत ग्रंथांत ती आत्मगुप्ता किंवा कपिकच्छू या नावांनी येते. निघंटूंनी तिच्या बीजाला मुख्यतः वृष्य, बल्य आणि वातशामक मानले आहे. 'कंपावरचे औषध' अशी तिची स्वतंत्र कीर्ती आज जितकी गाजते तितकी पूर्वी नव्हती.

१९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुयलीच्या बियांतून लेव्होडोपा वेगळा करून 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये ती नोंद प्रसिद्ध केली. त्याआधी १९१३ मध्ये गुग्गेनहाइम यांना तो एका युरोपीय घेवड्यात सापडला होता. म्हणजे कार्लसन यांच्या प्रयोगापूर्वी वीस वर्षे हे द्रव्य भारतीय बियांत आहे हे छापील रूपात उपलब्ध होते. त्याचा कंपाशी काही संबंध असेल असे विचारण्याचे मात्र कोणाला कारण नव्हते, कारण डोपामिनचे मेंदूतील कार्यच अज्ञात होते. शोधांच्या इतिहासात ज्ञान आणि प्रश्न एकाच वेळी जन्मत नाहीत, याचे हे फार चांगले उदाहरण आहे. या जागी 'आयुर्वेदाने लेव्होडोपा दिला' असे म्हणणे जितके सैल आहे, तितकेच 'पाश्चात्त्यांनी सारे शोधले' असे म्हणणेही सैल आहे.

लेव्होडोपा उपलब्ध झाल्यानंतर मात्र मुंबईतील संशोधकांनी हा दुवा लवकर ओळखला. औषधशास्त्रज्ञ डॉ. अशोक वैद्य आणि त्यांचे सहकारी यांचा खाजकुयलीने केलेल्या पार्किन्सनच्या उपचाराविषयीचा लेख १९७८ मध्ये 'न्यूरॉलॉजी इंडिया'त आला. पुढे झंडू या मुंबईच्याच कंपनीने बियांपासून 'एच. पी. २००' हे चूर्ण सिद्ध केले. अमेरिकेत कार्यरत असलेले डॉ. बाला मन्यम ज्यात सहभागी होते त्या अनेककेंद्री चाचणीत ६० रुग्णांना १२ आठवडे हे चूर्ण देण्यात आले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अहवालात सुधारणा नोंदवली आहे; तथापि चाचणीत तुलनेसाठी निराळा गट नव्हता हे विसरता येत नाही. लंडनमध्ये २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास अधिक काटेकोर होता, पण त्यात रुग्ण अवघे आठ होते. ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि अधिक काळ टिकला, असे त्यात दिसले. नेहमीच्या गोळीत लेव्होडोपासोबत कार्बिडोपा असतो, जो औषधाला मेंदूबाहेर वाया जाऊ देत नाही. चूर्णात तो नसल्याने मात्रा मोठी लागते आणि मळमळ संभवते. बाजारात मिळणाऱ्या निरनिराळ्या चूर्णांतील लेव्होडोपाचे प्रमाणही सारखे नसते. गोळी चालू असताना कोणालाही न विचारता चूर्ण घेणारा वृद्ध म्हणूनच दुहेरी मात्रा घेत असतो, आणि ही गोष्ट घरातल्यांनाही ठाऊक नसते.

सर्पगंधेची कथा अद्याप संपलेली नाही. रिसर्पिन मागे पडले, पण डोपामिनच्या कार्यात अडथळा आणणारी औषधे वाढली. मनोविकारांवरील अनेक औषधे, उलटीवरील मेटोक्लोप्रामाइड, आणि चक्कर येते म्हणून वृद्धांना वर्षानुवर्षे दिल्या जाणाऱ्या सिनारिझिन व फ्लुनारिझिन या गोळ्या पार्किन्सनसारखे चित्र उभे करू शकतात. या शेवटच्या दोघींविषयी १९८० च्या दशकातच इशारे प्रसिद्ध झाले होते. औषध बंद केल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ही लक्षणे बहुतेकांत ओसरतात. ज्या वृद्धाचे पाऊल चक्करच्या गोळीमुळे अडखळते त्याला 'वय झाले' म्हणून सोडून देणे, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्यावर पार्किन्सनची आणखी एक गोळी सुरू करणे, हे टाळता येण्याजोगे आहे. त्यासाठी एकच प्रश्न पुरतो : तुम्ही सध्या कोणकोणत्या गोळ्या घेता? अर्थात गोळी बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांचाच हवा.

दारोदार जाऊन केलेली गणना

मुंबईत वार्धक्यातील कंपाची व्यवस्थित गणना प्रथम झाली ती पारशी बागांत. डॉ. नादिर भरुचा, डॉ. एडी भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील पारशी वसाहतींत राहणाऱ्या १४,०१० व्यक्तींची घरोघरी जाऊन पाहणी केली. प्रश्नावलीतून संशयित वेगळे काढायचे आणि मग मज्जाविकारतज्ज्ञाने त्यांना तपासायचे, अशी ही पद्धत. पार्किन्सनविषयीचे निष्कर्ष १९८८ मध्ये 'आर्काइव्ह्ज ऑफ न्यूरॉलॉजी'त प्रसिद्ध झाले. ४६ रुग्ण आढळले, म्हणजे दर लाखामागे सुमारे ३२८. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात हात वापरताना होणाऱ्या आनुवंशिक कंपाविषयीचा स्वतंत्र लेखही आला, आणि तो कंप पार्किन्सनहून बराच अधिक आढळला होता. प्रस्तावनेत सांगितलेला भेद येथे प्रथम आकड्यांत उतरला.

१९८१ च्या जनगणनेत भारतातील पारशांची संख्या ७१,६३० होती. याचा अर्थ देशातील जवळजवळ एक पंचमांश पारशी समाज या एका पाहणीत आला. एवढ्या मोठ्या प्रमाणावर आपल्या समाजाची दारे उघडणे हे बागांच्या रचनेमुळे शक्य झाले. विश्वस्त संस्थांच्या मालकीच्या आवारात एकाच समाजाची, दीर्घकाळ तेथेच राहणारी कुटुंबे. शेजाऱ्याला शेजाऱ्याच्या आजाराची माहिती. आणि पाहणी करणारे डॉक्टर त्याच समाजातले. वस्तीचा आकार हाच येथे संशोधनाचे साधन झाला होता.

यानंतर काही वर्षांतच काश्मीरमधील कुठार खोऱ्यात ६३,६४५ लोकसंख्येची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, आणि तेथे प्रमाण लाखामागे केवळ १४.१ होते. ३२८ आणि १४ यांतील तफावत पाहून पारशी रक्तातच काही दोष असावा असा घाईचा निष्कर्ष वर्गात विद्यार्थी नेहमी काढतात. वस्तुस्थिती अशी की पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे आहे. काश्मीरमधील पाहणीतही केवळ साठीपुढील व्यक्ती घेतल्या तर प्रमाण लाखामागे २४७ होते. वयाचा हिशेब केला की तफावतीचा मोठा भाग गळून पडतो. जो उरतो त्यात आनुवंशिकता, आहार, पाहणीची पद्धत अशा अनेक गोष्टी असू शकतात.

या कारणासाठी पारशी बागांतील आकडा उचलून मीरा-भाईंदरला लावता येणार नाही. मात्र त्या पाहणीची रीत लावता येईल, आणि तेथेच अडचण सुरू होते. सिल्व्हर पार्कच्या एका इमारतीत कोकणी, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, मुस्लिम, ख्रिस्ती अशी कुटुंबे भेटू शकतात, भाडेकरू बदलतात, मुले परगावी. विश्वस्त नाहीत, सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत, आणि त्यांच्या सभा पाणी, पार्किंग, पुनर्विकास यांतच संपतात. रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्था महाराष्ट्रात आहेत. मुंबईत २००१ मध्ये डॉ. बी. एस. सिंघल आणि डॉ. मारिया बॅरेटो यांच्या पुढाकाराने पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी स्थापन झाली, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ कार्यरत आहे. पण या संस्थांपर्यंत पोहोचतो तो निदान झालेला रुग्ण. निदानच न झालेला तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि लिफ्ट बंद असेल तेव्हा खाली उतरत नाही.

सह्यांचे दप्तर

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक साधन उपलब्ध आहे, ज्याकडे वैद्यकाचे सहसा लक्ष जात नाही. पार्किन्सनच्या रुग्णाचे अक्षर लहान होत जाते, ओळीच्या शेवटाकडे तर फारच. जर्मन विचारवंत विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट याने आपल्या उत्तरायुष्यातील पत्रांतून स्वतःच्या कंपाचे आणि बारीक होत चाललेल्या अक्षराचे जे वर्णन केले, ते आज वैद्यकीय इतिहासात दाखला म्हणून वाचले जाते. आपल्याकडे अशी पत्रे क्वचित जपली जातात, सह्या मात्र जपल्या जातात. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेचे उपस्थितिपत्रक, सभासद नोंदवही, बँकेतील नमुना सही, निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला, मृत्युपत्राचे कच्चे मसुदे या सर्वांत एकाच हाताच्या वीस-पंचवीस वर्षांतील सह्या क्रमाने मिळतात.

निवृत्तिवेतनधारकांसाठी २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' ही अंगठ्याच्या ठशावर आधारित व्यवस्था आली आणि त्या एका ठिकाणी सहीची गरज कमी झाली. बँकेच्या खिडकीवर 'सही जुळत नाही' म्हणून धनादेश परत मिळालेले अनेक वृद्ध त्याआधीच धनादेश वापरणे सोडून मुलांवर अवलंबून राहू लागले होते. बँकेच्या दृष्टीने ती फसवणुकीविरुद्धची दक्षता होती, तर रुग्णाच्या दृष्टीने विकाराची पहिली लेखी नोंद कदाचित तीच होती. निदान त्यानंतर कित्येक वर्षांनी होणार होते.

ही कागदपत्रे खाजगी आहेत, तेव्हा संबंधितांच्या संमतीशिवाय आणि नावे झाकल्याशिवाय त्यांचा अभ्यास करता येणार नाही. पण संमती मागण्यापूर्वी ती शिल्लक राहिली पाहिजेत. मीरा रोडच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू झाला की संस्थेचे कपाट रिकामे होते. नव्या इमारतीत इतिवृत्ताची चालू वही जाते. १९९० च्या दशकातील उपस्थितिपत्रके रद्दीवाल्याच्या तराजूत जातात, आणि त्यांत वर्षागणिक लहान होत गेलेल्या सह्याही असतात.